अटी सांगा, उत्तर मागा: एका वायद्याचा पन्नास वर्षांचा हिशेब

गाळप हंगाम तोंडावर आला की सोलापूर जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांच्या शेतकी विभागात एकाच प्रश्नावर सगळे अडते: कुणाचा ऊस कधी तोडायचा? नोंदीत लागणीची तारीख असते, वाण असतो, क्षेत्र असते. आडसाली आधी, मग पूर्वहंगामी, मग सुरू आणि खोडवा, हा ढोबळ क्रम सगळ्यांना पाठ असतो. पण क्रम म्हणजे कार्यक्रम नव्हे. गव्हाणीत ऊस कमी पडून गाळप थांबता कामा नये आणि तोडलेला ऊस गाडीतळावर वाळताही कामा नये. एकच टोळी सकाळी एका गावात आणि दुपारी तीस किलोमीटरवर पाठवता येत नाही. बैलगाडीचा पल्ला जवळचा, ट्रॅक्टर-ट्रकचा लांबचा. काळ्या रानात पाऊस झाला की कित्येक दिवस वाहन आत शिरत नाही. शेतकी अधिकारी, मुकादम आणि चिटबॉय हे सगळे डोक्यात धरून रोजची तोड ठरवतात. ती ठरली की शिवारात वाद पेटतो: माझी नोंद आधीची, मग त्याला तोड आधी कशी? या वादाला सरळ उत्तर देता येत नाही, कारण कुठल्या नियमाने कुठल्या नियमावर मात केली हे कागदावर कुठेच नसते. तोड लवकर मिळावी म्हणून द्यायच्या खुशालीचा अलिखित नियम तर कुणी लिहिणारच नाही.

संगणकशास्त्रात अशा प्रश्नाला अटींचा प्रश्न म्हणता येईल. काही गोष्टी ठरवायच्या आहेत, प्रत्येकीसाठी मोजके पर्याय आहेत आणि त्यांच्यावर अटी आहेत. सगळ्या अटी पाळणारी एक निवड शोधा. सोलापुरात असे प्रश्न पावलोपावली भेटतात. उजनीचे आवर्तन, कुर्डुवाडीवरून जाणाऱ्या गाड्यांचे क्रॉसिंग, नवे शैक्षणिक धोरण आल्यापासून विषयांच्या जोड्या वाढून विस्कटलेले महाविद्यालयाचे वेळापत्रक, सगळे त्याच जातीचे. पन्नास वर्षांपूर्वी काही संशोधकांनी मोठा वायदा केला होता: तुम्ही फक्त नियम सांगा, उत्तर कसे शोधायचे ते सांगू नका, ते यंत्र बघेल. तो वायदा किती पाळला गेला, हा या लेखाचा विषय. माझे मत आधीच सांगून टाकतो. वायदा बराचसा पाळला गेला, पण ज्या भाषेने तो केला होता तिने नव्हे. आणि त्यातून हाती आलेली सर्वांत मोलाची गोष्ट आपण अजून वापरायलाच घेतलेली नाही.

ती भाषा म्हणजे प्रोलॉग. १९६५ मध्ये जे. ॲलन रॉबिन्सन यांनी तर्कातले निष्कर्ष यंत्राला एकाच नियमाने काढता येतील अशी 'रेझोल्यूशन' नावाची पद्धत मांडली. फ्रान्समधल्या मार्सेय शहरात अलँ कोलमरोएर यांना फ्रेंच भाषेत प्रश्न विचारता येईल असे यंत्र हवे होते. एडिंबरोचे रॉबर्ट कोवाल्स्की त्यांना भेटायला गेले, आणि तर्काचे विधान म्हणजेच प्रोग्रॅम असे वाचता येते ही कल्पना त्या संवादातून पक्की झाली. १९७२ मध्ये कोलमरोएर आणि फिलीप रूसेल यांचा प्रोलॉग चालू झाला. १९७७ मध्ये एडिंबरोत डेव्हिड वॉरेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो वेगाने चालवून दाखवला, तेव्हा ही नुसती प्राध्यापकांची हौस नाही हे लोकांना पटले. कोवाल्स्कींनी १९७९ मध्ये सगळे एका समीकरणात बसवले: अल्गोरिदम म्हणजे तर्क अधिक नियंत्रण. तर्क माणसाने लिहावा, नियंत्रण यंत्राने सांभाळावे.

पुढच्या दहा वर्षांत या समीकरणावर राष्ट्रांनी पैसा लावला. जपानने १९८२ मध्ये पाचव्या पिढीच्या संगणकाचा दहा वर्षांचा प्रकल्प काढला आणि त्याचा पाया म्हणून तर्काधारित भाषा निवडली. धास्ती सगळीकडे पसरली. भारतातही ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात इलेक्ट्रॉनिक्स खात्याने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या मदतीने ज्ञानाधारित संगणनाचा कार्यक्रम सुरू केला. मुंबईतली टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि जुहूचे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र, म्हणजे एनसीएसटी, ही त्याच्या केंद्रांपैकी दोन होती. जपानचा प्रकल्प १९९२ मध्ये गुंडाळला गेला तेव्हा त्यात तयार झालेली खास यंत्रे बाजारातल्या साध्या संगणकांपुढे टिकत नव्हती. एनसीएसटी २००३ मध्ये सी-डॅकमध्ये विलीन झाले. प्रोलॉगचे नाव तिथून पुढे अभ्यासक्रमात उरले.

हे का झाले ते समजून घ्यायला सोलापूर जिल्ह्याचा नकाशा पुरतो. तालुके अकरा. शेजारच्या दोन तालुक्यांना एकच रंग नको, ही एकच अट. किती रंग लागतील?

प्रोलॉगमध्ये आधी वस्तुस्थिती लिहायची: शेजारी(पंढरपूर, माढा), शेजारी(पंढरपूर, मोहोळ) वगैरे. (मोठ्या अक्षराने सुरू होणारे नाव चल समजायचे, असा प्रोलॉगचा नियम. देवनागरीत मोठे-छोटे अक्षर नसल्याने मराठीत लिहिणाऱ्याला प्रत्येक चलाच्या आधी खालची रेघ द्यावी लागते. मार्सेयला हे सुचण्याचे कारण नव्हते.) मग नियम लिहायचा: दोन तालुके शेजारी असतील तर त्यांचे रंग वेगळे. झाला प्रोग्रॅम. आता तीन रंग देऊन विचारा, जमेल का?

अकरा तालुके, प्रत्येकाला तीन पर्याय, म्हणजे १,७७,१४७ मांडण्या. भाबडा प्रोलॉग तालुके ज्या क्रमाने लिहिले त्या क्रमाने रंगवत जातो, अडला की एक पाऊल मागे येऊन दुसरा रंग घेतो. समजा, यादीत अक्कलकोट पहिले आहे आणि माळशिरस शेवटी. गाडी माळशिरसला अडली की तो मागे येत येत अक्कलकोटपर्यंत पोहोचतो आणि त्याचाही रंग बदलून बघतो. अक्कलकोटचा माळशिरसशी काडीचा संबंध नाही. दोघे जिल्ह्याच्या दोन टोकांना.

माणूस असे करत नाही. तो नकाशा बघतो आणि पंढरपूरपासून सुरुवात करतो, कारण सर्वांत जास्त गुंता तिथे आहे. पंढरपूर तालुक्याभोवती माढा, मोहोळ, मंगळवेढा, सांगोला आणि माळशिरस यांचे पूर्ण कडे आहे आणि या कड्यात प्रत्येक तालुका पुढच्याला खेटून आहे. माळशिरस आणि माढ्यामध्ये भीमा वाहते, मोहोळ आणि मंगळवेढ्यामध्येही भीमाच. बेगमपुराहून समोर दिसते ते माचणूर. आता पंढरपूरला लाल द्या. पाचही शेजाऱ्यांच्या यादीतून लाल गेला, पिवळा आणि हिरवा उरले. माढ्याला पिवळा दिला की मोहोळला हिरवाच द्यावा लागतो, मंगळवेढ्याला पिवळाच, सांगोल्याला हिरवाच. राहिले माळशिरस. सांगोला हिरवा, माढा पिवळा, पंढरपूर लाल. माळशिरसला देण्यासारखा रंगच उरत नाही. रंगांची नावे बदलली तरी गोष्ट हीच. म्हणजे सोलापूर जिल्ह्याला चार रंग लागणारच, आणि हे ठरवायला लाख-दीड लाख मांडण्या तपासाव्या लागल्या नाहीत.

चारांहून जास्त कुठल्याच नकाशाला लागत नाहीत, हे १९७६ मध्ये अपेल आणि हाकेन यांनी संगणक जुंपून सिद्ध केले. तो प्रश्न जगापुढे पत्रातून पोहोचवणारे ऑगस्टस डी मॉर्गन हे तर्कशास्त्रीही होते आणि त्यांचा जन्म मदुराईचा. तर्क आणि रंग यांचे नाते इतके जुने आहे.

वर आपण जे केले, एका निर्णयाचे परिणाम लगेच शेजाऱ्यांच्या यादीपर्यंत पोहोचवून अशक्य पर्याय खोडून टाकले, त्यालाच अटींचा प्रसार म्हणतात. १९७७ मध्ये ॲलन मॅकवर्थ यांनी त्याची शिस्तशीर मांडणी केली. मग १९८७ मध्ये जोक्सन जाफर आणि जाँ-लुई लासे यांनी प्रोलॉग आणि अटी यांची सांगड घातली, म्युनिकच्या युरोपीय संशोधन केंद्रात चिप नावाची भाषा झाली, आणि कोलमरोएर यांचा प्रोलॉग-३ आला. या शाखेने खरी कामे केली. नेदरलँड्सच्या रेल्वेने २००६ च्या डिसेंबरपासून देशाचे सगळे वेळापत्रक नव्याने लावले, त्याच्या मुळाशी अटींच्या प्रसाराचे तंत्र होते. २०१४ मध्ये धूमकेतूवर उतरलेल्या फिले यानाची वीज आणि स्मृती दोन्ही तुटपुंजी होती. त्याने कोणता प्रयोग कधी करायचा ते याच पद्धतीने आखले गेले.

पण प्रोलॉगचे दुखणे नुसत्या मंदपणाचे नव्हते. माढा पंढरपूरचा शेजारी, तर पंढरपूरही माढ्याचा शेजारी, हे शेंबड्या पोराला कळते. प्रोलॉगमध्ये हा नियम जसाच्या तसा लिहा: अ हा ब चा शेजारी, जर ब हा अ चा शेजारी. यादीत नसलेल्या जोडीबद्दल प्रश्न विचारला की यंत्र गोल गोल फिरत बसते. शेजारी आहे का? उलटे बघू. उलटे आहे का? पुन्हा उलटे बघू. तर्काच्या दृष्टीने नियम निर्दोष आहे आणि प्रोग्रॅम कधीच संपत नाही. नियंत्रण यंत्र सांभाळेल हा वायदा इथेच मोडला. प्रोलॉग लिहिणाऱ्याला यंत्र कुठल्या क्रमाने शोधणार आहे ते सतत डोक्यात ठेवावे लागते, नियम मागेपुढे करावे लागतात, शोध मध्येच छाटणारे उद्गारचिन्ह टाकावे लागते. मग 'कसे' सांगायचे नव्हते त्याचे काय झाले?

यावरचा इलाज डेटाबेसवाल्यांनी काढला, आणि तिथे आपल्याजवळचे एक नाव येते. प्रश्नापासून मागे जाण्याऐवजी वस्तुस्थितीपासून पुढे जायचे, निघालेला प्रत्येक निष्कर्ष नोंदवून ठेवायचा आणि नवे काही निघेनासे झाले की थांबायचे, अशी डेटालॉग नावाची साधी भाषा. नव्वदच्या सुरुवातीला अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठात रघू रामकृष्णन, दिवेश श्रीवास्तव आणि एस. सुदर्शन यांनी कोरल ही त्या जातीची प्रणाली घडवली. शेजाऱ्यांचा तो गोल तिथे आपोआप तुटतो. सुदर्शन पुढे आयआयटी मुंबईत प्राध्यापक झाले. डेटाबेसवरच्या त्यांच्या सहलिखित पुस्तकावर सोलापूरपासून सॅन होजेपर्यंतचे विद्यार्थी पोसले गेले आहेत. डेटालॉग पंधरा-वीस वर्षे अडगळीत गेला आणि मग सुरक्षेच्या दाराने परत आला. लाखो ओळींच्या सॉफ्टवेअरमधल्या फटी शोधणारे गिटहबचे कोडक्यूएल आज डेटालॉगच्याच वळणाच्या भाषेत प्रश्न विचारते.

प्रोलॉगची दुसरी खोड तांत्रिक कमी आणि सामाजिक जास्त आहे. त्याला 'नाही' सिद्ध करता येत नाही. जे सिद्ध झाले नाही ते नाहीच, असे तो धरून चालतो. कीथ क्लार्क यांनी १९७८ मध्ये याला शास्त्रीय बैठक दिली, आणि रेल्वेच्या वेळापत्रकापुरते ते योग्यही आहे: यादीत गाडी नाही म्हणजे गाडी नाही. पण तोच तर्क रेशनच्या किंवा अनुदानाच्या यादीला लावला की यादीत नाव नाही म्हणजे माणूस पात्र नाही, असा निकाल निघतो, आणि तो निकाल यंत्राने दिलेला असल्याने खिडकीवरचा कारकून हात वर करतो. योजनांची पात्रता संगणकावर तपासणाऱ्या प्रत्येकाने 'माहीत नाही' आणि 'नाही' यांतला फरक आधी लिहून काढावा. १९९० च्या सुमारास गेल्फाँड आणि लिफ्शित्स यांनी हे दोन्ही वेगळे सांभाळण्याची वाट दाखवली. त्यातून जन्मलेली क्लिंगोसारखी साधने आज फुकट मिळतात.

आता उजनी. धरणाची एकूण क्षमता सुमारे ११७ टीएमसी. त्यातला ६३.६६ टीएमसी मृतसाठा, उपयुक्त साठा त्याहून कमी, ५३.५७ टीएमसी. या आकड्यांच्या भोवती मागण्यांची रांग: डावा कालवा, उजवा कालवा, भीमा-सीना जोडकालवा, उपसा सिंचन योजना, नदीकाठच्या गावांचे पिणे, सोलापूर शहराची जलवाहिनी, उद्योग, एनटीपीसीचा १३२० मेगावॉटचा वीजप्रकल्प. शहराला नदीतून पाणी द्यायचे तर लांबलचक पात्र भिजवत आणावे लागते आणि वाटेत बरेच जिरते. कालवा सल्लागार समिती बसते आणि आवर्तने ठरतात. २०२४ च्या उन्हाळ्यासारखी वेळ आली की उजनी 'मायनस'मध्ये खोल जाते आणि मृतसाठ्यावर दिवस काढावे लागतात. वर्षानुवर्षे सोलापूरकराच्या नळाला काही दिवसांआड पाणी येते, धरण भरो की न भरो.

या प्रश्नाचे दोन भाग आहेत, आणि ते वेगळे ओळखता येणे हेच या सगळ्या शास्त्राचे सार आहे. पहिला भाग बेरजांचा. सगळ्यांना दिलेले पाणी अधिक बाष्पीभवन हे साठ्याहून जास्त नको, प्रत्येक कालव्याचा विसर्ग त्याच्या क्षमतेत हवा, पिण्याचे राखीव पाणी अमुकहून कमी नको. अशा अटी 'आणि'ने जोडलेल्या असतात: ही आणि ती आणि ती. यासाठी डांत्झिग यांची १९४७ ची सिम्प्लेक्स पद्धत होतीच. १९८४ मध्ये नरेंद्र करमरकर यांनी बेल लॅब्जमधून नवी पद्धत जाहीर केली, आणि हजारो अटींचे प्रश्नही हमखास वेळेत सुटतील हे सिद्धांतातच नव्हे तर प्रत्यक्षातही दिसले. करमरकर ग्वाल्हेरच्या मराठी घरातले, आयआयटी मुंबईचे १९७८ चे पदवीधर. आपल्याकडे रामानुजन आणि कापरेकर घरोघरी माहीत असतात, करमरकर मात्र विमान कंपन्यांच्या वेळापत्रकवाल्यांना जास्त ठाऊक. हे बरे नव्हे.

दुसरा भाग 'किंवा'चा. हे दार आज उघडायचे किंवा पुढच्या आठवड्यात. शेजपाळीत आधी याची पाळी किंवा त्याची. कुर्डुवाडी-पंढरपूर-मिरज एकेरी मार्गावर समोरासमोर येणाऱ्या दोन गाड्यांपैकी आधी ही सोडायची किंवा ती. एक 'किंवा' म्हणजे दोन वाटा, तीस 'किंवा' म्हणजे शंभर कोटींहून जास्त. १९७१ मध्ये स्टीफन कूक यांनी आणि १९७२ मध्ये रिचर्ड कार्प यांनी दाखवले की असे असंख्य प्रश्न आतून एकच आहेत आणि त्यांच्यावर हमखास जलद असा उपाय बहुधा नाहीच. नकाशाला तीन रंग पुरतील का, हा प्रश्नही त्यांतलाच. हेच कार्प बर्कलेमध्ये करमरकरांचे मार्गदर्शक होते. एकाने अवघडाची सीमा आखली आणि त्याच्याच विद्यार्थ्याने सोप्याच्या बाजूला मोठा रस्ता बांधला.

तरीही 'किंवा'चे प्रश्न आज रोज सुटतात, आणि या अर्धशतकातली मला सर्वांत थक्क करणारी गोष्ट हीच वाटते. सगळ्या अटी फक्त खरे-खोटे या दोन किमतींत उतरवायच्या आणि एका सर्वसाधारण यंत्राकडे द्यायच्या. त्याला सॅट सॉल्व्हर म्हणतात. डेव्हिस, लॉगमन आणि लव्हलँड यांची १९६२ ची मूळ पद्धत प्रोलॉगसारखीच मागे-पुढे करणारी होती. १९९६ मध्ये मार्केस-सिल्व्हा आणि सकल्ला यांनी तिला एक सवय लावली: अडलास की नुसता मागे येऊ नकोस, का अडलास ते शोध आणि नवी अट म्हणून लिहून ठेव. माळशिरसला अडलेले यंत्र आता अक्कलकोटला हात लावत नाही. २००१ च्या चॅफ या सॉल्व्हरनंतर वेग इतका वाढला की लाखो चलांचे प्रश्न साध्या संगणकावर सुटू लागले. त्यावर पूर्णांक, बेरजा, याद्या यांचे ज्ञान चढवले की झेड-३ सारखी यंत्रे होतात.

या टप्प्यावर महाराष्ट्र प्रेक्षक राहिला नाही. पुण्यात टीसीएसच्या संशोधन विभागात सॉफ्टवेअरमध्ये अमुक चूक कधीच होणार नाही हे सिद्ध करण्याचे काम अनेक वर्षे चालू आहे. तिथल्या व्हेरिॲब्ज या साधनाने २०२० च्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत आपल्या गटात पहिला क्रमांक घेतला. पवईत आयआयटी मुंबईच्या सुप्रतीक चक्रवर्ती यांनी कुलदीप मील आणि मोशे वर्डी यांच्यासोबत २०१३ मध्ये वेगळाच प्रश्न हाती घेतला: अटी पाळणारे उत्तर आहे का हे नव्हे, तर अशी उत्तरे साधारण किती आहेत? हे नुसते कुतूहल नाही. ज्या वेळापत्रकाला लाखो पर्याय आहेत ते उद्या एक प्राध्यापक रजेवर गेला तरी सावरते. ज्याला तीनच आहेत ते कोसळते. रेल्वेनेही २०२० मध्ये शून्यापासून नवे वेळापत्रक बांधताना आयआयटी मुंबईची मदत घेतली. सोलापूर विभागात दौंडपासूनचे दुहेरीकरण पूर्ण झाले आणि शेकडो 'किंवा' एका झटक्यात गेले. कधी कधी सर्वांत चांगला सॉल्व्हर म्हणजे दुसरा रूळ.

मग आपल्याकडे हे तोडीच्या कार्यक्रमात आणि आवर्तनात का दिसत नाही? संगणक महाग आहे म्हणून नाही. एसडब्ल्यूआय-प्रोलॉग, मिनिझिंक, झेड-३, गुगलचे ओआर-टूल्स, सगळे फुकट आणि प्रयोगशाळेतल्या जुन्या यंत्रावर चालणारे. शाळा-महाविद्यालयांच्या वेळापत्रकासाठी एफईटी आहे, विद्यापीठाच्या आवाक्याचे युनिटाइम आहे. माझ्या मते खरी अडचण नियम उघड करण्याची आहे. सॉल्व्हरला अट सांगायची म्हणजे ती लिहावी लागते, आणि लिहिली की ती विचारता येते. 'अमुक सरांचे तास सकाळी नकोत', 'अमुक गटाला टोळी आधी' अशा अटी तोंडी असतात तोवर कुणाच्याच नावावर नसतात.

अटींनाही दोन जाती असतात. काही मोडताच येत नाहीत: एक शिक्षक एका वेळी दोन वर्गांत नसतो. काही मोडता येतात, पण किंमत देऊन. यंत्र ती किंमत कमीत कमी ठेवून उत्तर काढते. ऊस आठ दिवस उशिरा तुटण्याची किंमत किती आणि गाळप दोन तास थांबण्याची किती, हे मात्र यंत्र सांगत नाही. कुणीतरी आकडा घालावा लागतो आणि तो आकडा म्हणजेच धोरण. सॉल्व्हर आला की राजकारण संपेल असे म्हणणाऱ्यांवर विश्वास ठेवू नये. ते फक्त कार्यक्रमातून उठून त्या आकड्यात जाऊन बसते. पण आकडा दिसतो आणि त्यावर भांडता येते, एवढा फरक माझ्या दृष्टीने पुरेसा आहे.

सुरुवातीला म्हटलेली मोलाची गोष्ट आता सांगतो. अटी एकत्र पाळणे अशक्य असेल तर आजचे सॉल्व्हर नुसते 'नाही' म्हणून थांबत नाहीत. कोणत्या मोजक्या अटी एकमेकींच्या आड येतात ते दाखवतात. तीन रंगांच्या प्रश्नात पंढरपूर, त्याचे पाच शेजारी आणि त्यांच्यातल्या दहा सीमा एवढ्यानेच घात केला. बार्शी, करमाळा, उत्तर आणि दक्षिण सोलापूर, अक्कलकोट यांचा दोष नाही. त्या दहांतली कुठलीही एक सीमा नसती तर या सहा तालुक्यांना तीन रंग पुरले असते. हेच उजनीला लावा. टंचाईच्या वर्षी सगळ्यांच्या मागण्या पुऱ्या होणार नाहीत हे प्रत्येकाला माहीत असते, तरी प्रत्येक तालुक्याला पाण्याचे आश्वासन मिळते. कोणती चार आश्वासने एकत्र पाळता येणारच नाहीत, आणि त्यांतले एक मागे घेतले तर बाकीची जमतात, हे बैठकीच्या आधी कागदावर असेल तर चर्चा वेगळी होईल.

आता कुणी विचारेल, मराठीत प्रश्न विचारला की उत्तर देणारी नवी यंत्रे असताना हा खटाटोप कशाला? ती यंत्रे बोलतात छान, पण वेळापत्रक मागितले की दोन वर्ग एका खोलीत बसवून मोकळी होतात आणि तेही आत्मविश्वासाने. माणसाच्या तोंडच्या अटी नेमक्या नियमांत उतरवायला त्यांची मदत घ्यावी. उत्तर मात्र सॉल्व्हरकडून काढावे, कारण त्याचे उत्तर अटींशी ताडून बघता येते. कोलमरोएर यांना १९७२ मध्ये हवे होते ते याच जोडीच्या आसपासचे काहीतरी होते.

अभियांत्रिकीच्या वर्गात मात्र अजून बहुतेक ठिकाणी प्रोलॉग म्हणजे एक प्रात्यक्षिक: राम हा लव-कुशाचा बाप, दशरथ आजोबा, सांगा पणजोबा कोण. पानभर प्रोग्रॅम, वहीवर सही, विषय संपला. मुलांना वाटते भाषा जुनी आहे, आणि त्या प्रात्यक्षिकापुरते ते खरेच आहे. सोलापूरच्या संगणक विभागांतल्या शिक्षकांना माझी विनंती आहे की पुढच्या सत्रात वंशावळ बाजूला ठेवा. आपल्याच विभागाचे वेळापत्रक मिनिझिंकमध्ये लिहायला द्या, एका साखर कारखान्याच्या एका गटाची तोड आखायला द्या आणि शेतकी अधिकाऱ्याला ती दाखवून तो कशाला हसतो ते टिपून घ्या. तो हसेल तिथे एक राहिलेली अट सापडेल. आणि कालवा सल्लागार समितीला एवढेच सांगणे: आवर्तनाच्या तारखा जाहीर करता तशी ज्या अटींवर त्या ठरल्या त्यांची यादीही जाहीर करा. तिला कुठलाही संगणक लागत नाही.